फोन वाजेपर्यंतची नोकरी

जानेवारी १९९९. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं क्यू गार्डन्स. जुन्या विटांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुम्ही एक खाट भाड्याने घेतली आहे. दोन खोल्यांत लोखंडी दुमजली खाटा इतक्या दाटीने लावल्यात की अंग चोरूनच फिरावं लागतं. भिंतीला काळ्या बॅगा टेकलेल्या, पडद्याच्या दांडीवर इस्त्रीचे पांढरे शर्ट टांगलेले. ला गार्डिया आणि केनेडी हे दोन्ही विमानतळ जवळ असल्यामुळे या वस्तीत वैमानिक आणि हवाई सेविका इतक्या राहतात की लोक तिला ‘क्रू गार्डन्स’ म्हणतात. अशा जागेला क्रॅशपॅड म्हणतात. जास्त भाडं भरलं तर खाट तुमची एकट्याची. कमी भरलं तर आल्यावर जी रिकामी दिसेल तिच्यावर स्वतःची चादर पसरायची. तुम्ही कमी भरलंय.

तुमचं घर ओहायोत आहे. तिथून तुम्ही रिकाम्या जम्पसीटवर, म्हणजे विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या जादा खुर्चीवर, फुकट येता आणि तसेच परत जाता. एका मोठ्या विमान कंपनीत तुम्ही नव्याने लागलात. हुद्दा फ्लाइट इंजिनियर; बोइंग ७२७ च्या कॉकपिटमधली तिसरी, बाजूच्या पॅनेलकडे तोंड केलेली खुर्ची. त्या खुर्चीत बसणाऱ्या न्यूयॉर्क तळावरच्या सगळ्यांची एक यादी आहे. नोकरीला लागल्याच्या तारखेवरून ती लावतात. गुणवत्ता, वरिष्ठाची मर्जी, किती हजार तास उड्डाण केलंय, यातलं काहीही तिथे चालत नाही. त्या यादीत तुम्ही शेवटचे आहात.

शेवटच्यांना ठरलेली उड्डाणं मिळत नाहीत. महिनाभराची सगळी उड्डाणं ‘लाइन’ नावाच्या वेळापत्रकांत बांधलेली असतात आणि ती वरच्यांनी आधीच उचललेली असतात. मग एखादा आजारी पडतो, शिकागोत बर्फ पडतो, अटलांटात विमान बिघडतं आणि त्या वेळापत्रकांना भोकं पडतात. ती बुजवायला राखीव माणसं लागतात. अमेरिकेत याला रिझर्व्ह म्हणतात. तुम्ही रिझर्व्हवर आहात, म्हणजे तुमच्या कमरेला पेजर आहे. तो वाजला की लगेच फोन करायचा आणि सांगतील त्या विमानतळावर दोन तासांत हजर व्हायचं. सांगतील त्या म्हणजे ला गार्डिया, केनेडी किंवा हडसन नदीपलीकडचं न्यूअर्क. तिन्ही मिळून तळ एकच.

आज तुम्ही सकाळी सहाला उठलात. शेजारच्या खाटेवरचा माणूस पाचलाच निघाला, त्याच्या बॅगेच्या चाकांनी झोप मोडली. दहापर्यंत पेजर गप्प. कोपऱ्यावरच्या दुकानातून बेगल आणायला गेलात तेव्हाही हात कमरेवर. दुपारी कपडे धुतले. लॉन्ड्रोमॅटमध्ये यंत्रांच्या घरघरीत पेजर ऐकू येणार नाही म्हणून तो हातात धरून बसलात. संध्याकाळी घरी फोन केला आणि लाइन अडू नये म्हणून तीन मिनिटांत ठेवला. रात्री साडेनऊला डोळे जड झाले, दिवा मालवला, आणि पेजर थरथरला.

मध्यरात्रीचं उड्डाण. परत यायला सकाळ होणार. तेव्हा तुम्हाला जागं होऊन चोवीस तास उलटलेले असतील.

तुम्हाला वाटेल, याला कायद्यात काहीतरी मर्यादा असणार. कायदा आहे, पण तो उड्डाणाचे तास मोजतो: सात दिवसांत ३०, महिन्यात १००, वर्षात १०००. पेजर घेऊन लॉन्ड्रोमॅटमध्ये बसलेले तास कुठल्याच रकान्यात येत नाहीत. तुम्ही दिवसभरात झोपलात का, हे कुणी विचारत नाही. दुपारी झोपून घ्यायला हवं होतं, हेही सकाळी कुणी सांगितलेलं नसतं. रात्री बोलावणार आहेत हे फोनच्या पलीकडच्या शेड्युलरलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. वाट पाहणं हे काम आहे, हे या घडीला कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. पुढचं जे जे तुम्ही पाहाल, ते या एका वाक्यासाठीचं भांडण आहे असं मला वाटतं.

तुम्ही परत येता तेव्हा खालच्या खाटेवर जॉर्जियाहून येणारा एक जुना फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, बसलेला असतो. त्याच्या मांडीवर पुढच्या महिन्याचं बिड पॅकेट आहे. हे स्टेपल मारलेल्या पानांचं जाड बाड असतं; त्यातून हव्या त्या ओळी मागायच्या, यालाच बिड म्हणतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक लाइन, आणि तिच्यापुढे तीस चौकोन. शेवटच्या पानांवर रिझर्व्हच्या ओळी. त्यांत ना गावांची नावं, ना उड्डाणांचे क्रमांक. फक्त कोणते दिवस हजर आणि कोणते दिवस सुट्टी. तुम्ही ही पानं आजवर उलटलीच नाहीत. मी शेवटचा, मला उरेल तेच मिळणार, मग मागायचं कशाला?

“तू किती ओळी मागितल्यास?” तो विचारतो.

“एकही नाही.”

“मग कॉम्प्युटरने तुला कचरा दिला यात नवल काय.”

तो खिशातून पेन्सिल काढतो. गेल्या महिन्याचा निकालही त्याच्याकडे आहे, कोणाला कोणती ओळ मिळाली त्याची छापील यादी. तिकडे तुम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं. “वरचे काय मागतात ते बघ,” तो म्हणतो. शनिवार-रविवार. सणाचे दिवस. मुलांच्या शाळेला सुट्टी असते तो आठवडा. तो एकेक ओळ खोडत जातो. ही जाणार, ही जाणार, हीही जाणार. खोडून झाल्यावर पानावर काही ओळी शिल्लक राहतात. त्यांच्या सुट्ट्या मंगळवार-बुधवारी आहेत, आणि त्या कुणाच्याच डोळ्यांत भरत नाहीत.

“तुझी मुलगी किती वर्षांची?”

“दोन.”

“तिला मंगळवार आणि रविवार यातला फरक कळतो का?”

मग तो तुम्हाला हजेरीचे गट मोजायला लावतो. एका ओळीत तीन-तीन दिवसांचे सहा गट आहेत, दुसरीत सहा-सहा दिवसांचे तीन. हजर राहायचे दिवस दोन्हीकडे अठराच. पण तुम्ही ओहायोहून येता. गट जितके, तितक्या वेळा जम्पसीटसाठी ताटकळायचं, आणि तितक्या वेळा उशीर झाला तर नोकरीवर बेतायचं. तुम्हाला तीन गटांची ओळ हवी. क्वीन्समध्येच घर असलेल्याला याच्या नेमकं उलटं हवं, कारण त्याला प्रत्येक गटानंतर स्वतःच्या बिछान्यात झोपता येतं. म्हणजे एकाला नकोशी ओळ दुसऱ्याला सोन्याची. तरी बहुतेक जण शनिवार-रविवार बघून थांबतात, गट मोजत नाहीत.

पुढची गोष्ट त्याहून बारीक. या महिन्याच्या शेवटी सुट्टी असलेली ओळ उचलायची आणि पुढच्या महिन्यात सुरुवातीला सुट्टी असलेली. दोन महिन्यांची पाकिटं वेगळी छापली जातात म्हणून लोक ती वेगळी वाचतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्याला रजा न टाकता घरी आठवडाभर मिळतो.

आणि तिसरी, शेड्युलरच्या बाजूने विचार करायची. समजा तुमच्या गटाचा आज शेवटचा दिवस आहे. तुम्हाला चार दिवसांची फेरी देता येणार नाही, कारण उद्या तुमची सुट्टी. गटाच्या पहिल्या दिवशी मात्र तुम्ही मोठ्या फेरीसाठी सगळ्यांत सोयीचे. तेव्हा उद्या सकाळी दिवसभरात परत येणारी एखादी साधी फेरी उघडी दिसत असेल, तर आपणहून फोन करून ती मागायची. तिच्यावर गेलात की रांगेतून बाहेर. संध्याकाळी मध्यरात्रीचं उड्डाण उपटलं तर ते दुसऱ्या कुणाच्या पेजरवर वाजेल.

इथे तुम्ही क्षणभर अडखळता. दुसऱ्या कुणाच्या. तो दुसराही याच खोलीत झोपतो. जुना माणूस त्यावर एवढंच म्हणतो, “म्हणून तर मी हे सगळ्यांना शिकवतो.”

आता उठा, खिडकीपाशी या आणि पूर्वेकडे बघा. काही मैलांवर बेलमाँट पार्क आहे, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. खिडकीबाहेरची ऐंशी वर्षं पुसून टाका.

जुलै १९१९. मैदानावर धुकं. १९१८ च्या मे महिन्यात अमेरिकेची नियमित हवाई टपालसेवा इथूनच सुरू झाली. विमानात टपालाच्या थैल्या भरून तयार आहेत आणि लिऑन स्मिथ नावाचा वैमानिक नाही म्हणतोय, समोरचं काही दिसत नाही. त्याच्या जागी हॅमिल्टन ली याला बोलावतात. म्हणजे भोक बुजवायला दुसरा माणूस, तुमचा पूर्वज. तोही आकाशाकडे बघतो आणि नाही म्हणतो. वॉशिंग्टनहून टपाल खात्याचे अधिकारी ओटो प्रेगर यांचा हुकूम असा, की होकायंत्रावर उडा, दिसण्याची गरज नाही. दोघांनाही नोकरीवरून काढतात. मग बाकीचे वैमानिक उडायचं थांबवतात. तडजोड होते ती ऐकण्यासारखी आहे: हवामानावरून वाद झाला तर मैदानाच्या व्यवस्थापकाने स्वतः विमानात बसून वर जाऊन बघायचं. हुकूम देणाऱ्याचा जीव हुकूम पाळणाऱ्याच्या जिवाइतकाच टांगणीला लागला की हुकमाची भाषा बदलते, हे त्या मैदानावर सिद्ध झालं.

पुढची वर्षं झपाट्याने जातात. १९३१ मध्ये डेव्हिड बेन्की यांच्या पुढाकाराने अमेरिकी वैमानिकांची संघटना उभी राहते. १९३२ मध्ये शिकागोत सेंच्युरी एअरलाइन्सचे मालक ई. एल. कॉर्ड पगार कापतात, वैमानिक बाहेर पडतात, आणि काँग्रेसमध्ये त्यांची बाजू घेणाऱ्यांत फिओरेल्लो ला गार्डिया असतात. तुमच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे तेच. १९३४ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाचा ८३ वा निर्णय येतो आणि वैमानिकाने महिन्यात जास्तीत जास्त किती तास उडावं याला ८५ चा आकडा मिळतो. उड्डाणाचे तास मोजायला सुरुवात झाली ती अशी. वाट पाहण्याचे तास मोजायला आणखी ऐंशी वर्षं लागणार आहेत.

खाटेवर परत या. नोव्हेंबर २०००. स्वयंपाकघराच्या टेबलावर एका पत्राची झेरॉक्स हातोहात फिरतेय. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे, म्हणजे एफएएचे, उपमुख्य विधी सल्लागार जेम्स व्हिटलो यांनी ते अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिक संघटनेला लिहिलंय. त्यांनी नवा नियम केलेला नाही, जुन्या नियमाचा अर्थ सांगितलाय: निघण्याआधी, उड्डाण संपण्याच्या अपेक्षित वेळेपासून मागच्या चोवीस तासांकडे वळून बघा. त्यात सलग आठ तासांची विश्रांती सापडली पाहिजे. उशीर झाल्यामुळे ती सापडेनाशी होत असेल तर निघायचं नाही. टेबलाभोवती उभं राहून लोक ते पुन्हा पुन्हा वाचतात. कुणीतरी त्यातल्या ओळी पिवळ्या पेनाने रंगवल्यात. मध्यरात्रीच्या त्या उड्डाणाला तुम्ही काय म्हणायला हवं होतं, ते आता सरकारी कागदावर आहे.

मग सप्टेंबर २००१. विमानं रिकामी, यादीच्या तळाचे लोक घरी. तुम्हीही घरी. कंपनी परत बोलावेपर्यंतची वर्षं तुम्ही ओहायोत दुसरी कामं करत काढता. त्याबद्दल बोलण्यासारखं फार नाही.

१३ डिसेंबर २००७. तुम्ही पुन्हा न्यूयॉर्कमध्ये, आता बोइंग ७३७ च्या उजव्या खुर्चीत, पण यादीत अजून बरेच खाली. क्रॅशपॅडमध्ये टीव्ही लावलाय. राष्ट्राध्यक्षांनी एका कायद्यावर सही केली आहे आणि वैमानिकांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं आहे. १९६० पासून साठी हा उंबरठा होता. साठीला टेकलेल्या कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते समजण्यासारखं आहे. कुणाचं निवृत्तिवेतन बुडालेलं, कुणाचं आयुष्यच विमानात गेलेलं. पण यादी वरून रिकामी होते तेव्हाच खालचे वर सरकतात. आता पाच वर्षं वरून वयामुळे जवळपास कुणी जाणार नाही. त्यात पुढच्याच वर्षी मंदी. तुम्ही भिंतीवरच्या यादीत तुमच्या क्रमांकाखाली पेन्सिलने रेघ मारता, आणि कितीतरी महिने त्या रेघेवरून हलत नाही. यादी न्याय्य आहे, पण दयाळू नाही. ती कुणाचा पक्ष घेत नाही, म्हणूनच वैमानिक तिला जिवापाड जपतात, आणि म्हणूनच एका सहीने हजारोंची पाच वर्षं थिजतात.

एवढं थिजलं तर बिड करण्यात अर्थ काय? उलट याच काळात तुम्ही त्यात तयार होता. क्रमांक हलत नाही तेव्हा तो वापरायचा कसा हेच हातात उरतं. तुमच्या वर कोण कोण आहे, कोणाला काय लागतं, हे तुम्हाला आता नावानिशी ठाऊक आहे. ज्याची मुलगी फुटबॉल खेळते त्याला शनिवार हवा. ज्याची आई आजारी आहे तो महिन्याचा पहिला आठवडा सोडत नाही. तुम्ही उरलेल्या जागेतून वाट काढता.

१२ फेब्रुवारी २००९, रात्र. न्यूअर्क विमानतळावरची एका छोट्या प्रादेशिक कंपनीची क्रू-रूम. तुम्ही इथे पाहुणे आहात, फक्त बघा. सोफे, मंद दिवे. कॅप्टनने आदली रात्र याच खोलीत काढली आहे. फर्स्ट ऑफिसर सिअॅटलहून निघून रात्रभर प्रवास करत, मेम्फिसमार्गे मालवाहू विमानाने सकाळी इथे पोचली आहे. कॉन्टिनेंटल कनेक्शन ३४०७, कोलगन एअरचं विमान, बफेलोला जाणारं. ते क्लॅरेन्स सेंटर गावातल्या एका घरावर कोसळतं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण जातात. तपासाअंती मुख्य कारण निघतं ते विमान ‘स्टॉल’ होण्याच्या, म्हणजे पंखांची उचल जाण्याच्या, बेतात आल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने केलेली चुकीची कृती. थकवा होताच, पण त्याचा वाटा किती हे नक्की ठरवता आलं नाही, असंही तपास मंडळ नोंदवतं.

त्या दोघांवर मी बोट ठेवणार नाही. ज्या व्यवस्थेत वैमानिकाची झोप ही त्याची खासगी बाब होती, त्या व्यवस्थेतले ते दोघे होते. मृतांचे नातेवाईक गप्प बसले नाहीत. वॉशिंग्टनच्या बैठकांना ते लाल कपड्यांत, फोटो घेऊन, पुन्हा पुन्हा येत राहिले. ऑगस्ट २०१० मध्ये कायदा झाला, आणि त्यातून निघालेले नवे नियम ४ जानेवारी २०१४ ला लागू झाले. त्यांना भाग ११७ म्हणतात. मालवाहू कंपन्यांना मात्र त्यातून वगळलं. रात्री उडणारं शरीर माणसं नेत असो की खोकी, त्याला झोप तेवढीच लागते. ही सवलत मला आजही खुपते.

तुम्ही आता २०१४ च्या जानेवारीत आहात आणि शेवटी कॅप्टन झाला आहात. खांद्यावर चार पट्ट्या. आणि पुन्हा रिझर्व्हवर! कारण ज्येष्ठता मोजतात ती तळ, विमान आणि खुर्ची यांच्या आत. फर्स्ट ऑफिसरांत तुम्ही मध्यावर आला होता, ठरलेली लाइन मिळत होती, नाताळ घरी होता. डाव्या खुर्चीत बसलात आणि कॅप्टनांच्या यादीच्या तळाला गेलात. न्यूयॉर्क महागडं, तिथून बदली मागून लोक निघून जातात, म्हणून इथे कॅप्टनपद लवकर मिळतं, किंमत ही. पगार वाढला, सुट्ट्यांवरचा हक्क गेला. बरेच जण हा हिशेब करून वर्षानुवर्षं उजव्या खुर्चीतच बसून राहतात, आणि घरचे त्यांना दुवा देतात.

छापील बाड गेलं. आता लॅपटॉपवर पीबीएस, म्हणजे पसंतीक्रमाने वेळापत्रक देणारी संगणक प्रणाली. तुम्ही आपल्या इच्छा ओळीने लिहायच्या. प्रणाली यादीतल्या पहिल्या माणसापासून सुरू करून खाली येते आणि तुमच्यापाशी पोचते तेव्हा जे उरलं त्यातून तुमच्या इच्छा वरून खाली पुरवत जाते. नवखे इथेच फसतात. ते सगळे शनिवार-रविवार सुट्टी मागतात. दर दिवशी किती राखीव वैमानिक लागतील तो आकडा कंपनीने ठरवलेला असतो. वरच्यांनी शनिवार घेतल्यावर तो आकडा तुमच्या डोक्यावर येऊन बसतो. मागणी फेटाळली जाते, मग उरलेले दिवस प्रणाली तिच्या सोयीने विखरून टाकते. एक सुट्टी इथे, एक तिथे. तुम्ही म्हणून उलट लिहिता: सर्वांत वर सलग सुट्टीची मागणी, तीही आठवड्याच्या मधल्या दिवसांची, मग हजेरीचे गट किती लांब असावेत ते, शनिवारचा उल्लेख एकदाच, ज्या शनिवारी मुलीचा कार्यक्रम आहे तेवढ्यासाठी.

खरा बदल मात्र वेळेचा आहे. रिझर्व्हला आता सुरुवात आणि शेवट आहे. शॉर्ट कॉलवर, म्हणजे बोलावलं की थोड्या वेळात हजर व्हायच्या रिझर्व्हवर, असाल तर हजर राहण्याचा काळ जास्तीत जास्त १४ तासांचा. त्याआधी १० तासांची विश्रांती, आणि त्यात आठ तास अखंड झोपेला मोकळे. विमानतळावर बसवून ठेवलं तर तो वेळ थेट ड्यूटीत धरायचा. लॉंग कॉलवर असाल तर हजर होण्याआधी किमान १० तासांची विश्रांती देणारी सूचना, म्हणजे तुम्ही ओहायोतल्या घरी बसून हजर राहू शकता. ड्यूटी किती लांब असावी याचा तक्ता आहे, आणि तो ती कधी सुरू होते त्यावर ठरतो: सकाळी सात ते दुपारी बाराच्या दरम्यान सुरू झाली आणि एक-दोनच उड्डाणं असली तर १४ तास, मध्यरात्रीनंतर सुरू झाली तर ९. शरीराला घड्याळ असतं ही गोष्ट कायद्याने पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे मान्य केली.

हा तक्ता तुम्ही मोबाइलमध्ये ठेवलाय. आज तुमचा काळ पहाटे चारला सुरू झाला, संध्याकाळी सहाला संपतो. दुपारी तीनला फोन येतो. शेड्युलर घाईत आहे: पाचला हजर व्हा, फ्लोरिडाला जायचंय, रात्री साडेनऊला मोकळे.

तुम्ही शांतपणे मोजता. हजेरीचा काळ आणि ड्यूटी मिळून, चारपासून मोजल्यास, सोळा तासांच्या पुढे जाता येत नाही. चार अधिक सोळा, रात्रीचे आठ.

“मला आठच्या पुढे चालणार नाही,” तुम्ही म्हणता. “माझा काळ पहाटे चारचा आहे.”

पलीकडे कळफलकाचा आवाज. मग, “बरोबर आहे. दुपारच्या काळातला कुणी बघतो.”

संपलं. वाद नाही, विनवणी नाही, कुणाचा अपमान नाही. १९९९ मध्ये याच फोनवर तुमच्याकडे म्हणायला काय होतं? थकलोय, एवढंच. थकव्याला पुरावा नसतो. आठ वाजल्याला असतो.

आणि म्हणून आता कोणता काळ मागायचा याला अर्थ आला. पहाटेचा काळ मागितला तर रात्रीची उड्डाणं कायद्यानेच तुमच्या वाट्याला येत नाहीत, पण उठायचं भल्या पहाटे. दुपारचा मागितला तर ओहायोहून सकाळच्या विमानाने येता येतं, आदल्या रात्रीची खाट वाचते, पण रात्री उशिरा उरलेलं सगळं तुमच्यावर. लॉंग कॉल सगळ्यांना हवा, तो वरच्यांकडे जातो. तरी फेब्रुवारीसारख्या मंद महिन्यात, जेव्हा वरचे लाइन घेऊन उडायला बघतात, तो झिरपत खाली येतो. हे महिने ओळखायला एकदोन वर्षं जातात. शिवाय बोलावण्याचा क्रम समजून घ्यायचा. बऱ्याच कंपन्यांत आधी बघतात की तुमच्या हजेरीचे किती दिवस उरलेत, आणि तेवढ्याच लांबीची फेरी तुम्हाला देतात. मग त्यांच्यात या महिन्यात कोण कमी उडालंय ते. उडायचं असेल तर आपणहून मागायची सोयही असते. डेल्टात तिला यलो स्लिप म्हणतात. न उडताही महिन्याला सत्तर-पंचाहत्तर तासांच्या आसपास पगाराची हमी असते. त्यामुळे मोठ्या विमानांवरचे काही ज्येष्ठ वैमानिक, ज्यांना हवी ती लाइन मिळू शकते, मुद्दाम रिझर्व्ह मागतात. घर विमानतळाजवळ, राखीव माणसं भरपूर, बोलावणं क्वचित. तरुणपणी जी शिक्षा होती तीच त्यांनी ज्येष्ठतेच्या जोरावर विकत घेतलेली असते.

एक उडी आपल्या बाजूला. डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा, मुंबई विमानतळ. आता तुम्ही प्रवासी आहात. फलकावर इंडिगोची उड्डाणं एकामागून एक रद्द होताहेत, जमिनीवर लोक बॅगांना टेकून झोपलेत, पुण्याला निघालेलं एक लग्नाचं वऱ्हाड टॅक्सी शोधतंय. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम त्या वर्षी टप्प्याटप्प्याने लागू झाले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा, दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून. कंपनीने नियोजनात चूक झाल्याचं मान्य केलं, आणि सरकारने तिला तात्पुरती सूट दिली. रांगेतले लोक नियमांना शिव्या देतात. त्यांचा राग खरा आहे, पण पत्ता चुकलाय. नियम आधीपासून माहीत होते. भोकं बुजवायला माणसं पुरेशी नव्हती. राखीव वैमानिक हा ताळेबंदात नुसता बसून पगार खाणारा दिसतो. तो नसला की काय होतं ते या फरशीवर झोपलेल्यांना विचारा.

परत क्यू गार्डन्स, जानेवारी २०१४. बिडची मुदत उद्या दुपारी संपते. पलीकडच्या खाटेवर गेल्या आठवड्यात आलेला एक पोरगा आहे, टेक्सासचा, ७३७ चा फर्स्ट ऑफिसर, यादीत शेवटचा. त्याने लॅपटॉप तुमच्याकडे वळवलाय. पडद्यावर चार शनिवार, चार रविवार आणि त्याखाली काही नाही.

“तुझं घर कुठे?”

“ह्यूस्टन.”

“शेवटचं परतीचं विमान किती वाजता?”

त्याला ठाऊक नाही. तुम्ही त्याला ते आधी शोधायला लावता. मग गेल्या महिन्याचा निकाल उघडायला लावता. त्याच्या वरची नावं, त्यांना मिळालेले दिवस. तो एकेक वाचत जातो आणि तुम्ही विचारता, याला काय हवं होतं सांग. पहिली काही नावं चुकतात. मग जमायला लागतं. अकराच्या सुमाराला तो आठही ओळी खोडतो आणि सर्वांत वर लिहितो: सलग पाच सुट्ट्या, सोमवारपासून. खाली: हजेरीचा काळ दुपारचा. त्याखाली महिन्याचा शेवटचा आठवडा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांना जोडून.

“आणि हे नाही मिळालं तर?”

“तर निकाल बघ, कोणी नेलं ते शोध, आणि पुढच्या महिन्यात त्याच्याआधी विचार कर. आता तो तक्ता काढ. पहाटे चारचा काळ आहे आणि दुपारी तीनला फोन आला. किती वाजेपर्यंत?”

तो बोटांवर मोजायला लागतो.